चार्ल्स कोरिया आणि मुंबई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ल्स कोरिया कोण होते?

चार्ल्स कोरिया हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीतील अग्रगण्य वास्तुविशारद आणि नगररचनाकार होते. त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला, घराणे मूळचे गोव्याचे, आणि १९५८ साली स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यापासून १६ जून २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्यांची कर्मभूमी मुंबई हीच राहिली. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन, जयपूरचे जवाहर कला केंद्र, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, लिस्बनचे शांपालिमो हे वैद्यकीय संशोधन केंद्र अशा त्यांच्या वास्तू दूरदूर पसरलेल्या आहेत. मात्र ज्या शहरात ते राहिले त्या शहराशी त्यांचे नाते इमारतींपेक्षा वादाचे अधिक होते. मुंबई कशी वाढावी, कुठे वाढावी आणि कोणासाठी वाढावी याविषयी ते जवळजवळ पन्नास वर्षे बोलत, लिहीत आणि नकाशे काढत राहिले. त्यांचे किती ऐकले गेले, हाच पुढील बहुतेक उत्तरांचा विषय आहे.

'कोरिया' की 'कोरिआ'? हे आडनाव कुठले?

गोव्यातील ख्रिस्ती समाजात आढळणारे हे पोर्तुगीज वळणाचे आडनाव आहे. मराठीत दोन्ही प्रकारे लिहिले जाते. आंतरजालावर शोध घेताना 'चार्ल्स' हे नाव सोबत लिहावे, नाहीतर आधी त्या नावाच्या देशाच्या बातम्या समोर येतात.

त्यांचे शिक्षण कुठे झाले?

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दोन वर्षे काढून ते १९४९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले आणि तेथून एमआयटी या संस्थेत. मिशिगनला त्यांना घुमटाकार रचनांसाठी प्रसिद्ध असलेल्या बकमिन्स्टर फुलर यांच्यासारखा शिक्षक लाभला. एमआयटीतील पदव्युत्तर प्रबंध म्हणून त्यांनी इमारतीचा आराखडा दिला नाही. सामान्य रहिवाशांना आपला परिसर आपणच कसा सुधारता येईल हे समजावणारा एक छोटा चित्रपट तयार केला. पंचविशीतल्या विद्यार्थ्याची ही निवड पुढच्या आयुष्याची दिशा सांगणारी आहे.

लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड होते आणि रुळांचे नकाशे कागदावर काढत बसण्यात ते रमत असत, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. ज्या शहराची सगळी रचना दोन रेल्वेमार्गांनी ठरवली, त्या शहराच्या आखणीत पुढे याच मुलाने डोके घालावे, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

त्यांच्या वास्तुरचनेचे मूळ सूत्र कोणते?

उष्ण प्रदेशात आकाशाखालची उघडी जागा ही घराची एक खोलीच असते, हे ते सूत्र. थंड देशांत घर म्हणजे चार भिंतींची बंद पेटी, कारण बाहेर जगणेच कठीण. आपल्याकडे मात्र बंद खोली आणि पूर्ण मोकळे आकाश यांच्या दरम्यान अनेक पायऱ्या असतात, आणि दिवसाच्या प्रहराप्रमाणे व ऋतूप्रमाणे माणूस त्या पायऱ्यांवरून आत-बाहेर सरकत राहतो.

मराठी वाचकाला हे सांगण्यासाठी खरे तर कोणा वास्तुविशारदाची गरज पडू नये. अंगण, ओटी, पडवी, माजघर, परसू ही कोकणातल्या घराची क्रमवारी म्हणजे याच पायऱ्या होत, वाड्याचा चौक म्हणजे आकाशाचा घरात घेतलेला तुकडा होय, आणि गिरगावातल्या किंवा परळमधल्या चाळीची गॅलरी ही तर दहा बाय दहाच्या खोलीला जोडलेली, भाडे न लागणारी दुसरी खोली होती. कांदे तिथे वाळत, अभ्यास तिथे होई, आजारी आजोबांची खाटही उन्हाळ्यात तिथेच पडे. कोरियांनी केले ते असे, की ज्याला आपण सवय समजत होतो त्याचा त्यांनी हिशेब मांडला. पावसाळा सोडला तर मुंबईत बहुतेक कामे उघड्यावर होऊ शकतात. मग गरिबाच्या घरात बांधकामाचा खर्च वाढवण्यापेक्षा त्याला एक अंगण मिळवून देणे स्वस्त पडत नाही का, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

या उघड्या जागांचेही त्यांनी चार स्तर सांगितले : कुटुंबाची खासगी जागा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणे होते ती दाराबाहेरची जागा, वस्तीचा सार्वजनिक नळ किंवा विहीर असते तसे गाठीभेटीचे ठिकाण, आणि साऱ्या शहराचे मैदान. चारही स्तर एकमेकांना सांभाळून घेतात. दाराबाहेरची जागा नाहीशी झाली की घर मोठे करावे लागते, आणि घर मोठे करणे परवडत नसेल तर माणूस नुसताच कोंडला जातो.

हे सूत्र प्रत्यक्षात प्रथम कुठे दिसले?

अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयात. काम हाती आले तेव्हा कोरिया अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा मीटर लांब-रुंद अशा सारख्याच चौकोनी घटकांची ही रचना आहे : विटांचे खांब, दगडी फरशी, वर कौले, खिडकीला काच मुळीच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा तेवढ्या. काही घटक भिंतींनी बंद केलेले, काही नुसतेच छपराखालचे, काही उघडे, आणि मध्ये पाण्याचा चौक. पत्रे आणि कागदपत्रे जतन करायची, पण ज्या माणसाची ती आहेत त्याच्या कुटीपुढे संग्रहालयाने भपका करायचा नाही, ही अट त्यांनी स्वतःवरच घालून घेतली होती. पुढे संग्रह वाढला तर तसाच आणखी एक घटक जोडता यावा, ही सोयही त्यातच होती. 'वाढता येणारी इमारत' ही कल्पना लक्षात ठेवावी. बेलापूरला ती पुन्हा भेटते.

'कांचनजंगा' इमारतीचे एवढे कौतुक का होते?

कंबाला हिलवरील ही निवासी इमारत १९७० ते १९८३ या काळात आखली आणि बांधली गेली. उंची ८४ मीटर, पाया २१ मीटर लांब-रुंद, मजले २८ आणि घरे मात्र फक्त ३२. लांबून पाहिले तर एका सरळसोट पांढऱ्या खांबाचे कोपरे कोणीतरी मोठ्या सुरीने कापून काढल्यासारखे दिसतात. त्या कापलेल्या जागा म्हणजे दोन मजले उंचीच्या गच्च्या होत, आणि सगळे कौतुक त्यांचेच आहे.

मुंबईत घराचे तोंड कुठे करावे हा जुना पेच आहे. वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रही तिकडेच आहे. पण दुपारचे तापलेले ऊनही पश्चिमेचेच आणि जून ते सप्टेंबर आडवी येणारी पावसाची झडही त्याच बाजूची. वारा घ्यावा तर झड घरात येते, झड अडवावी तर वारा बंद होतो. जुन्या बंगल्यांनी यावर एक उपाय शोधला होता : मुख्य खोल्यांभोवती चारी बाजूंनी व्हरांडा फिरवायचा, म्हणजे ऊन आणि पाऊस व्हरांड्यावर अडतात आणि वारा तेवढा आत येतो. कोरियांनी तोच व्हरांडा उभ्या इमारतीत नेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर खोल गच्ची, तिच्या आड खोल्या, घर पूर्व-पश्चिम आरपार, आणि आतल्या आत अर्ध्या मजल्याच्या चढउतारांनी गुंफलेली दालने.

हे कागदावर सोपे वाटते. बांधताना मात्र इमारतीचे कोपरेच, म्हणजे नेहमी जिथे खांब असतात तीच ठिकाणे, रिकामी ठेवावी लागतात. भार मधल्या काँक्रीटच्या गाभ्याने पेलायचा आणि मजले तिथून बाहेर काढायचे, ही करामत शिरीष पटेल या अभियंत्यांची. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांचाच. वास्तुविशारद प्रवीणा मेहता यांचाही कांचनजंगाच्या कामात सहभाग होता. ही तीन नावे पुढे पुन्हा एकत्र येणार आहेत.

मग मुंबईतले बाकीचे टॉवर तसे का झाले नाहीत?

कारण हिशेबाचे आहे. बिल्डर विकतो ते चौरस फूट, आणि दोन मजले उंचीची रिकामी गच्ची म्हणजे त्याच्या लेखी न विकलेली जागा. शहराच्या नियमांनी बाल्कनीला काही प्रमाणात चटईक्षेत्रातून, म्हणजे भूखंडावर बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्राच्या मोजणीतून, सूट दिली खरी, पण पुढे अधिमूल्य भरून तीच बाल्कनी खोलीत मिसळून घेण्याची वाटही मोकळी केली. परिणामी बाल्कनी नकाशात जन्माला येऊन ताबा मिळण्याआधीच नाहीशी होऊ लागली. आमच्या स्वतःच्या घरीही काही निराळे झाले नाही. मुलीच्या दहावीच्या वर्षी, अभ्यासाला जागा हवी म्हणून, आम्ही चार फुटांची बाल्कनी सरकत्या काचा लावून बंद केली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात वातानुकूलन यंत्र घेतले. पहिला खर्च दुसऱ्या खर्चाला जन्म देतो हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

दादरचे पोर्तुगीज चर्च कोरियांचे आहे, हे खरे का?

खरे आहे. दादरकरांच्या तोंडी 'पोर्तुगीज चर्च' हे बसथांब्याचे आणि चौकाचे नाव म्हणून इतके रुळले आहे की चर्चकडे मान वर करून पाहणारे थोडेच. मंगळवारी सिद्धिविनायकाला पायी जाणारे हजारो लोक त्याच्या कुंपणाशेजारून जातात. अवर लेडी ऑफ साल्वेशन हे त्याचे मूळ नाव. या जागी पोर्तुगीजांनी पहिले चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधले, आणि सध्याची वास्तू १९७० च्या दशकात उभी राहिली.

एकच मोठे सभागृह आणि वर मनोरा, असा नेहमीचा साचा येथे नाही. एकमेकांत उघडणारी छपराखालची दालने आणि मोकळे चौक यांची ती साखळी आहे. दालनांवर काँक्रीटची कवचे आहेत; ती वर निमुळती होत जातात आणि उजेड तिथून उतरतो. सजावटीत एम. एफ. हुसेन यांचाही हात लागलेला आहे. जुलैतल्या एका दुपारी, बाहेर गोखले रोडवर वाहतूक तुंबलेली असताना, मी आत बाकावर टेकलो होतो. पंख्यांचा आवाज होता, हॉर्नचा आवाज होता, पण दोन्ही मधल्या चौकात पडणाऱ्या पावसाच्या मागे गेल्यासारखे ऐकू येत होते. शेजारच्या बाकावर एक बाई देवळातून आणलेला हाराचा पुडा मांडीवर ठेवून पाऊस थांबण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना कोणी उठवले नाही.

नवी मुंबई कोरियांनी वसवली, असे म्हणतात. ते कितपत बरोबर आहे?

कल्पना तिघांची होती : कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. वसवण्याचे काम सिडको या राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाने केले. आणि जे वसले ते कल्पनेत होते तसे नाही. हे तीनही भाग नीट सांगितले पाहिजेत.

१९६४ मध्ये महानगरपालिकेच्या विकास आराखड्यावर चर्चा सुरू होती. मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी पट्टी. कचेऱ्या दक्षिण टोकाला, घरे उत्तरेकडे सरकत चाललेली. सकाळी सगळे शहर दक्षिणेला जाते आणि संध्याकाळी उत्तरेला परतते, आणि घरे जितकी उत्तरेला जातील तितका हा प्रवास लांबत जातो. आराखडा हीच पट्टी आणखी ताणत होता. या तिघांनी हरकत घेतली ती मुळावरच : शहर उत्तरेला ताणू नका, पूर्वेला खाडीपलीकडे न्या. तेथे जमीन आहे, बंदर होऊ शकते, आणि दोन्ही किनारे पुलांनी जोडले तर पट्टीचे शहर जाऊन पाण्याभोवतीचे वर्तुळाकार शहर होईल. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाने हा प्रस्ताव विस्ताराने छापला.

त्यातील पैशाचा विचारही तितकाच महत्त्वाचा होता. शेतजमीन सरकारने आधी ताब्यात घ्यावी, रस्ते-पाणी-वीज आणावी, वाढलेल्या किमतीला भूखंड विकावेत आणि त्याच पैशातून पुढची कामे व गरिबांची घरे करावीत. म्हणजे जमिनीच्या भाववाढीचा लाभ दलालाऐवजी शहराला मिळेल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे या प्रकल्पात आली, आणि कोरिया १९७४ पर्यंत तेथे मुख्य वास्तुविशारद होते.

पण या साऱ्या आखणीचा खुंटा एकच होता : राज्य सरकारने स्वतः पलीकडे जायचे. मंत्रालय गेले की कचेऱ्या जातील, कचेऱ्यांमागे बँका, आणि त्यांच्यामागे माणसे. सरकार गेले नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहत होत्या, आणि १९८१ मध्ये विधान भवनही तेथेच बांधले गेले. ज्याने भाड्याची खोली सोडायचे कबूल करून त्याच खोलीत नवे कपाट बसवले, त्याच्या शब्दावर शेजारी तरी सामान कसे बांधणार? वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचायला १९९२ उजाडले. घाऊक बाजार गेले, बंदर झाले, लाखो माणसे राहायला गेली. मात्र त्यांतील पुष्कळांना सकाळी पुन्हा मुंबईकडेच यावे लागले. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. खाडी ओलांडण्याचा प्रस्ताव छापून आला त्याला तेव्हा जवळजवळ साठ वर्षे होत आली होती.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावकऱ्यांचे काय?

नवी मुंबईचे कौतुक करताना हा प्रश्न टाळता येत नाही. आगरी-कोळी गावांची भातशेती आणि मिठागरे या प्रकल्पात गेली, आणि मोबदल्यावरून वर्षानुवर्षे असंतोष धुमसत राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण मरण पावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले.

कोरिया दहा वर्षे आधीच सिडकोतून बाहेर पडले होते, म्हणून या घटनांचा ठपका त्यांच्यावर येत नाही. तरीही मूळ प्रस्ताव वाचताना जाणवते, की भाववाढीचा लाभ शहराला मिळावा हे त्यात पक्के आहे. ज्याच्या बांधावर शहर येणार त्याचा वाटा मात्र तितक्या ठळकपणे मांडलेला नाही. नकाशावर पूर्वेकडची जमीन मोकळी दिसत होती, आणि मोकळी दिसणारी जमीन कोणाची तरी असतेच.

बेलापूरचे 'आर्टिस्ट्स व्हिलेज' काय आहे? नाव पाहता ते कलावंतांसाठी होते का?

कलावंतही राहायला आले, पण ही मुळात वेगवेगळ्या उत्पन्नगटांसाठी १९८३ ते १९८६ या काळात आखलेली घरांची वसाहत आहे. सीबीडी बेलापूरच्या डोंगरपायथ्याशी ५.४ हेक्टर जागेत सुमारे ५५० कुटुंबांची सोय केलेली आहे. कोरियांच्या साऱ्या विचारांचा सर्वांत प्रामाणिक नमुना मला कांचनजंगापेक्षा येथे दिसतो.

रचना अशी. साधारण सात घरे आठ मीटरच्या एका छोट्या चौकाभोवती. असे तीन चौक मिळून एकवीस घरांचे बारा मीटरचे मोठे अंगण. आणि तसेच पुढे वाढत जाऊन वसाहतीची सामायिक जागा. प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर सुटे आहे आणि शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. हा तपशील किरकोळ वाटतो, पण सगळी खुबी त्यातच आहे : भिंत सामायिक नसल्यामुळे कोणालाही विचारल्याशिवाय आपले घर वाढवता येते. भूखंडही सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच फरकाचे. गरिबाचा फार लहान आणि सुखवस्तूचा फार मोठा, असे होऊ दिले नाही. बांधकाम साधे, गवंड्या-सुतारांना जमेल असे, वर उतरती कौलारू छपरे.

त्या वसाहतीची आज अवस्था काय आहे?

ती ओळखू येत नाही, आणि ओळखू येतेही. मूळची कौलारू घरे आता मोजकी राहिली आहेत. पुष्कळांनी मजले चढवले, काहींनी घर पाडून स्लॅबचे नवे बांधले, त्याला संगमरवरी पायऱ्या आणि निळ्या काचा लावल्या. वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, मूळ आराखड्यातले घर शोधतात आणि हळहळतात. मला ती हळहळ पूर्ण पटत नाही. घरे वाढावीत म्हणूनच तर ती सुटी ठेवली होती, ती वाढली. गेल्या दिवाळीच्या आधी तेथे गेलो होतो तेव्हा एका तीन मजली नव्या घराच्या आणि एका जुन्या कौलारू घराच्या मधल्या चौकात चटई अंथरून दोन्ही घरच्या बायका चकल्यांची भाजणी वाळत घालत होत्या. इमारती बदलल्या होत्या, आठ मीटरचा चौक जिथल्या तिथे होता. काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची : आता त्या चौकांत मोटारी उभ्या राहू लागल्या आहेत.

गिरण्यांच्या जमिनींसंबंधीची कोरिया समिती कोणती?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या शहर विकास नियमाने ढोबळमानाने तीन वाटे सांगितले : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. या जमिनींची एकत्रित आखणी करण्यासाठी राज्य सरकारने १९९६ मध्ये कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरतेच पाहता आले. खासगी गिरण्यांची दारे तिच्यासाठी बंदच राहिली.

समितीचा मुद्दा सरळ होता. प्रत्येक गिरणीत स्वतंत्रपणे तीन वाटे पाडले तर शहराच्या हाती फुटकळ तुकडे येतील. शेजारच्या जमिनी एकत्र धरल्या तर सलग मैदाने, चालण्याचे रस्ते आणि कामगारांची घरे होऊ शकतील. झाले उलटेच. २००१ मधील दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले, बांधकामाखालची जमीन हिशेबातून वगळली गेली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. त्यानंतरचा गिरणगाव आपण पाहतोच आहोत. कचेऱ्या आल्या, मॉल आले, आणि त्यांत कामाला येणारी गर्दी मात्र गिरणीच्या काळच्या स्थानकांवर आणि पुलांवरच उतरत राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. एका दुर्घटनेचे कारण एका नियमात शोधणे हे सुलभीकरण ठरेल; पण सलग आखणी का हवी होती याचे उत्तर त्या अरुंद जिन्यावर कोणालाही मिळाले असते.

रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी त्यांनी काही योजना मांडली होती का?

होय, १९६८ मध्ये, आणि ती त्यांच्या साऱ्या कामात मला सर्वांत लाडकी आहे. दादाभाई नौरोजी मार्गाच्या पदपथावर दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ओट्यांची ओळ बांधायची, आणि दर तीस मीटरवर पाण्याचा नळ ठेवायचा. दिवसा त्या ओट्यांवर फेरीवाले बसतील, म्हणजे पादचाऱ्यांची वाट मोकळी राहील. संध्याकाळी नळ सोडून ओटे धुतले जातील. रात्री तिथेच बेघर माणसे कोरड्या, स्वच्छ जागी झोपतील. फक्त एक ओटा आणि एक नळ. प्रत्यक्षात तो कधीच बांधला गेला नाही.

पुण्याच्या आयुकाबद्दल सांगाल का?

खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांच्या या आंतरविद्यापीठ केंद्राचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर. वास्तू १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाली. शास्त्रज्ञाचे विश्व आणि वास्तुविशारदाचा चौक यांची येथे सुरेख गाठ पडली आहे. मधोमध कुंडासारखा उतरता चौक आहे आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे तेथे आहेत. आवारात पृथ्वीचे परिवलन दाखवणारा फुकोचा लंबकही आहे. भिंतींना काळा दगड वापरला आहे, खालून वर अधिकाधिक काळा होत जाणारा, जणू भिंत रात्रीच्या आकाशात विरघळते.

महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्या वास्तू आवर्जून पाहाव्यात?

भोपाळचे भारत भवन आधी पाहावे. १९८२ मध्ये उघडलेले हे कलासंकुल तलावाच्या काठावर जमिनीतच उतरत जाते. रस्त्यावरून इमारत दिसतच नाही, दिसतात त्या गच्च्या. जयपूरचे जवाहर कला केंद्र नऊ चौकोनांचे असून त्यातला एक सरकवून तिरका ठेवला आहे, कारण खुद्द जयपूरच्या नगररचनेतही एक चौकोन तसाच सरकलेला आहे. पणजीची कला अकादमी मांडवीच्या काठावर आहे, आणि तिच्या नाट्यगृहात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी भिंतींवर प्रेक्षक रंगवले होते, त्यामुळे रिकामे सभागृहही भरलेले वाटे. कोकणातून जाणाऱ्यांना ती वाटेवरच आहे.

त्यांच्यावर टीका झाली ती कोणती?

गरिबांच्या घरांविषयी आयुष्यभर बोलणाऱ्या माणसाची मुंबईतली सर्वांत प्रसिद्ध इमारत अतिश्रीमंतांची आहे, हा आक्षेप जुना आहे आणि तो खराच आहे. कांचनजंगाची गच्ची ज्यांना परवडते त्यांना मलबार हिलचा व्हरांडाही परवडत होता.

दुसरी टीका अधिक विचार करण्याजोगी आहे : बेलापूरसारखी ठेंगणी घरे मुंबईच्या लोकसंख्येला कशी पुरणार? त्यावर त्यांचे उत्तर असे, की शहराच्या एकूण जमिनीपैकी घरांसाठी वापरली जाणारी जमीन जेमतेम एक-तृतीयांश असते. इमारती उंच केल्या तरी रस्ते, शाळा, मैदाने, दवाखाने यांची गरज कमी होत नाही, म्हणून उंचीमुळे जितकी जमीन वाचते असे वाटते तितकी ती वाचत नाही. माझ्या मते हे उत्तर नव्या वसाहतीला लागू पडते, भायखळ्याला किंवा धारावीला नाही. आणि उंच इमारतीत अंगण कसे न्यायचे याचे उत्तर मध्यमवर्गीय किमतीत त्यांच्याकडूनही मिळाले नाही, तसे ते इतर कोणाकडूनही मिळालेले नाही.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

पद्मश्री (१९७२), ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक (१९८४), जपानचा प्रीमियम इंपेरियाले हा कलापुरस्कार (१९९४), भोपाळच्या विधान भवनासाठी आगाखान पुरस्कार (१९९८) आणि पद्मविभूषण (२००६) हे त्यांतील प्रमुख. राजीव गांधी यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते.

मुंबईत एका दिवसात त्यांचे काम पाहायचे असल्यास काय करावे?

सकाळी दादरला उतरून पोर्तुगीज चर्चपर्यंत चालत जावे. प्रार्थनेची वेळ टाळावी आणि आत छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारावे. कांचनजंगा ही खासगी निवासी इमारत असल्यामुळे आत प्रवेश नाही. पेडर रोडच्या परिसरातून तिचे कापलेले कोपरे दिसतात, आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास पाहिले तर गच्च्यांची सावली आतल्या भिंतीवर किती खोल जाते तेही कळते. तेथून हार्बर मार्गाने बेलापूर गाठावे. स्थानकावरून आर्टिस्ट्स व्हिलेज दोनेक किलोमीटरवर आहे आणि रिक्षावाल्यांना हे नाव पुरते. वसाहतीत शिरल्यावर मुख्य रस्ता सोडून कोणत्याही गल्लीत वळावे, चौक आपोआप लागतो. दारातल्या माणसाला आधी नमस्कार करावा, कारण तो चौक त्याच्या घराचाच भाग आहे.